शीवेवरची यवन कोशिंबीर

'शीव' हा शब्द आम्हां मुंबईकरांच्या तोंडी इतका रुळलेला आहे की, त्याच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. संस्कृत 'सीमा' शब्दाचे प्राकृतातून झिजत आलेले हे रूप. गावाची शीव म्हणजे गावाची हद्द. आणि मुंबईची शीव म्हणजे मुंबई बेटाचे उत्तरेकडील टोक. त्यापलीकडे खाडी व खाडीपलीकडे साष्टी. बोलताना लोक 'सायन' म्हणतात. आमच्या पत्त्यात मात्र वडिलांच्या वेळेपासून शीव हेच नाव आहे, आणि ते बदलण्याचा आमचा विचार नाही.

आमच्या बिऱ्हाडापासून शीवचा किल्ला पायी दहा मिनिटांवर आहे. जेरार्ड आँजिअर हे मुंबईचे गव्हर्नर असताना, १६६९ ते १६७७ ह्या काळात, इंग्रजांनी तो टेकडीवर बांधला. किल्ला म्हटला तरी तो एक चौकीच होय. पलीकडच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवावी एवढाच त्याचा हेतू. पुढे १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी व वसई घेतली. तेव्हापासून १७७४ अखेर इंग्रजांनी ठाणे घेईपर्यंत ह्या टेकडीवरील पहारेकरी खाडीपलीकडे पेशव्यांचे राज्य पाहत असत. आज टेकडीच्या पायथ्याशी पुरातत्त्व खात्याच्या मुंबई मंडळाची कचेरी आणि एक बाग आहे. वर पडक्या भिंतींच्या सावलीत विद्यार्थी अभ्यास करीत बसतात, व आमच्यासारखे निवृत्त लोक संध्याकाळी गुडघ्यांची परीक्षा पाहावयास जातात.

हद्दीवर नुसते पहारे बसत नाहीत. हद्दीवरूनच सर्व काही आत येते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या वेळी, शीवेहून कुर्ल्याकडे खाडीवर बांध घातला गेला आणि बेट साष्टीशी जोडले गेले. शीव-पनवेल महामार्ग येथूनच निघतो, आणि ठाण्याकडे जाणारा पूर्व द्रुतगती मार्गही येथूनच धरावा लागतो. नारायणगावचा व नाशिककडचा टोमॅटो वाशीच्या बाजारातून वा ठाण्याहून मुंबईत शिरतो तो पुष्कळदा आमच्या दारावरून. पहाटे फिरावयास निघालो म्हणजे टेंपोंच्या ताडपत्रीखालून कोथिंबिरीचा वास येतो, तेव्हा वाटते की, तोफा गेल्या, पहारे गेले, तरी शीवेने आपले काम सोडलेले नाही.

आपल्याकडे लग्नात सीमांतपूजन करतात. नवरदेव परगावचा, परक्या कुळातला. त्याला एकदम घरात न घेता शिवेवर सामोरे जावयाचे, त्याचे पाय धुवावयाचे आणि मग मानाने आत आणावयाचे. परक्याला अडवावयाचे नाही आणि न ओळखता आतही घ्यावयाचे नाही, असा हा मध्यम मार्ग पूर्वजांनी काढून ठेविला आहे. आज ज्या पाहुण्याची हकीकत सांगावयाची आहे तो मनुष्य नसून एक पदार्थ आहे. परंतु त्याच्यामुळे आमच्या घरातील एक अडलेले माणूस पंक्तीत परत आले, म्हणून ही हकीकत लिहिण्यासारखी वाटते.

आमचे कुटुंब अकरा माणसांचे. एकाच मजल्यावर शेजारशेजारची दोन बिऱ्हाडे, परंतु स्वयंपाकघर एक. एरवी ज्याच्या त्याच्या कचेरीच्या वेळेप्रमाणे जेवणे होतात; पण रविवारी रात्री आणि सणावारी सर्वांनी एका पंक्तीस बसावयाचे, हा नियम वडिलांपासून चालत आला आहे. घरात सर्वांत वडील आमच्या भगिनी, आक्का. त्या ऐंशीच्या घरात असून चातुर्मासात कांदा, लसूण व वांगे वर्ज्य करतात. सर्वांत आग्रही धाकट्या बंधूंची कन्या, आमची पुतणी. ती एका कचेरीत नोकरीस आहे.

ह्या पुतणीने गेल्या वर्षी दूध सोडले. दूध म्हणजे दही, ताक, लोणी, तूप, सर्वच. तिच्या पिढीत अशा लोकांस 'व्हीगन' म्हणतात. कारण विचारता तिने सांगितले की, मैत्रिणींबरोबर शहराबाहेरील एक गोठा पाहण्यास ती गेली होती. म्हशीला रेडा झाला की त्याचा धन्यास उपयोग नसतो. त्याच्या वाटचे दूध बाजारात जाते आणि ते पोर खुंट्याला वाळत राहते. असे एक रेडकू तिने पाहिले. "काका, तेव्हापासून घोट घशाखाली उतरत नाही," एवढेच ती म्हणाली.

आम्ही ते मनावर घेतले नाही. तरुणपणीचे खूळ, सहा महिन्यांत उतरेल, असे समजून चाललो. गुढीपाडव्यास पंक्तीत श्रीखंड वाढले गेले, तेव्हा तिने पानावर हात आडवा धरला. पाहुणे होते. आम्हांस काय वाटले कोण जाणे, आम्ही वर्गातल्या आवाजात म्हणालो, "अन्नाला नावे ठेवावयाची असतील त्याने पंक्तीला बसू नये." ती काही बोलली नाही. पानातील पुरी-भाजी संपवून उठली. त्या दिवसापासून रविवारी रात्री तिला कचेरीत काम निघू लागले. तिचा पाट भिंतीशी उभा तो उभाच राहिला.

बत्तीस वर्षे आम्ही संस्कृत शिकविले आणि मुलांस गप्प बसविले. गप्प बसलेल्या मुलाला आपले म्हणणे पटलेले असतेच असे नाही, हे शाळेत कळावयास हवे होते. ते घरात, आणि तेही निवृत्तीनंतर कळले. आक्का मात्र निराळ्या कारणाने रुसल्या होत्या. "दुधाला नाही म्हणते म्हणजे गोमातेला नाही म्हणते," असे त्यांचे मत. बंधू मध्ये पडत नव्हते. सौ. दर रविवारी पुतणीसाठी ताट झाकून ठेवीत आणि आमच्याकडे न पाहता दिवा मालवीत.

वैशाखातील एका दुपारी आम्ही जुनी रोजनिशी चाळीत होतो. २०१९ सालच्या मार्चअखेरीस आम्ही एका प्रवासी मंडळाबरोबर ग्रीस देश पाहून आलो होतो. ज्यांस आपल्या जुन्या ग्रंथांत यवन म्हटले आहे ते मूळचे हेच लोक. आयोनिया ह्या त्यांच्या प्रांतावरून हा शब्द आला. पुढे तो इतरांसही लावला गेला, पण पाणिनीला माहीत असलेले यवन हेच. त्यांची आपली ओळख फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण, सोपारा आणि चौल ह्या आपल्या बंदरांची नावे आहेत, आणि कार्ल्याच्या लेण्यातील कित्येक खांब यवनांनी दान दिल्याचे लेख त्या खांबांवर आजही वाचता येतात. दोन हजार वर्षांपूर्वी ते आपल्याकडे येऊन गेले; परतभेट द्यावयास आम्हांस थोडा उशीर झाला, इतकेच.

अथेन्स शहरी अक्रोपोलिसच्या टेकडीखाली प्लाका नावाची जुनी वस्ती आहे. तेथील एका लहान खाणावळीत आम्ही जेवावयास बसलो. त्यांची प्रसिद्ध कोशिंबीर म्हणजे 'होरियाटिकी', अर्थात गावरान. टोमॅटो, काकडी, कांदा व हिरवी ढोबळी मिरची ह्यांच्या मोठाल्या फोडी, वर खारातल्या ऑलिव्ह, वाळलेला ओरेगानो, ऑलिव्हचेच भरपूर कच्चे तेल, आणि सर्वांच्या डोक्यावर 'फेटा' नावाच्या पांढऱ्या चीजची जाड वडी. हे चीज मेंढीच्या दुधाचे, किंवा त्यात काही भाग शेळीचे दूध घालून करतात. परंपरेने ते दूध कोकराच्या वा करडाच्या जठरातील रसाने विरजतात, असे आमच्या वाटाड्याने सांगितले, तेव्हा आमचा हात जागच्या जागी थांबला. चीज नको, असे कसे सांगावे ह्या विचारात असता गल्ल्यावर बसलेल्या वृद्ध बाईंनी आमचा चेहरा पाहिला आणि एकच शब्द उच्चारला, "निस्तीसिमो?"

वाटाड्याने अर्थ सांगितला, "उपवासाचे?"

तो काळ त्यांच्या ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाचा होता. त्या वर्षी हा उपवास ११ मार्चला सुरू झाला आणि ईस्टर २८ एप्रिलला होता. ह्या दिवसांत तेथील श्रद्धाळू ख्रिस्ती मांस, अंडी, दूध, लोणी व चीज ह्यांस शिवत नाहीत. उपवासापूर्वीच्या आठवड्याला त्यांच्यात 'चीजचा आठवडा' म्हणतात, कारण नंतर ईस्टरपर्यंत ते मिळावयाचे नसते. एरवीही बुधवार व शुक्रवार ते उपवासाचे मानतात. कडक पाळणारे तर सोमवार ते शुक्रवार तेलही वर्ज्य करतात. मात्र ज्या फळाचे ते तेल ती ऑलिव्ह चालते. हे ऐकून आम्हांस हसू आले व आपल्या घरच्यासारखे वाटले. वरी चालते पण तांदूळ चालत नाही, हे आम्ही तरी त्यांस कोणत्या तोंडाने समजावून सांगणार होतो!

बाईंनी स्वतः ताटली आणली. चीजच्या जागी मोठे पांढरे उकडलेले घेवड्याचे दाणे आणि मूठभर अधिक ऑलिव्ह. ताटलीच्या तळाशी टोमॅटोचे पाणी, मीठ व तेल मिळून जो रस जमतो, त्यात पावाचा तुकडा बुडवून खावयाचा, हे त्यांनी खुणेने दाखविले. रोजनिशीत आम्ही त्या दिवशी लिहिले होते, "दुधाविना, चीजाविना अपुरी वाटली नाही."

हे वाक्य वाचून आम्ही बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलो. अथेन्समध्ये एका अनोळखी बाईने आमची अडचण न विचारता ओळखली होती. शीवेत आम्ही आमच्याच घरच्या मुलीस विचारलेही नव्हते.

त्याच संध्याकाळी पुतणीस म्हणालो, "किल्ल्यावर येतेस?" ती आली. वर पोहोचेपर्यंत दोघेही गप्प. माथ्यावरून एका बाजूस धारावी, दुसऱ्या बाजूस चुनाभट्टी, आणि आग्नेयेस वडाळा-आणिककडची जुन्या मिठागरांची सपाट जमीन. आम्ही म्हणालो, "पाडव्याला आम्ही बोललो ते चुकले." तिने मान फिरविली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "काका, मला कोणाचे श्रीखंड काढून घ्यावयाचे नव्हते. फक्त माझ्या पानात नको होते." एवढ्या एका वाक्याला पाडव्यापासून वैशाखापर्यंत वाट पाहावी लागली होती. मग आम्ही तिला त्या यवन कोशिंबिरीची गोष्ट सांगितली, आणि सर्वांस एका पातेल्यातून वाढता येईल अशी ती घरी करावयाची, असा बेत ठरला.

आक्कांस हे सांगावयाचे अवघड काम आमच्याकडे आले. आम्ही म्हणालो, "आक्का, त्यात मूळचा फेटा असतो, तो काढून दुसरे काही घालावयाचे आहे."

"अरे, फेटा डोक्याला बांधतात. पानात कधीपासून वाढू लागले?"

शब्दाची फोड करून सांगितली. इटालियन भाषेतून ग्रीकांनी घेतलेल्या ह्या शब्दाचा अर्थच मुळी 'फोड' किंवा काप. सॅलड शब्दाचे मूळही लॅटिन भाषेतील मिठाच्या नावात आहे, जसे आपले लोणचे 'लवण' शब्दापासून झाले. आक्का म्हणाल्या, "म्हणजे मिठाची फोड. मग लोणचेच म्हण की!" तथापि त्यांचा रुसवा कायम होता. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून पाहणार होत्या, हात लावणार नव्हत्या.

पहिला प्रयोग फसला. पुतणीने बाजारातून टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर आणले आणि त्याच्या वड्या कापून तशाच कोशिंबिरीवर ठेविल्या. त्यातून पाणी सुटले, टोमॅटो पांचट झाला आणि वडीला चव म्हणून नव्हती. आक्कांनी एक तुकडा तोंडात टाकून म्हटले, "जन्मभर खडू हातात धरलास, आता खाण्याचा योग आला." घरात बऱ्याच दिवसांनी सर्वजण एकदम हसले.

खडूच्या विनोदावर आम्ही रात्री विचार केला. व्याकरणात एकाच्या जागी दुसरे आणावयाचे झाल्यास त्यास 'आदेश' म्हणतात, आणि आदेशाने मूळ स्थानीचे कार्य चालवावे लागते. नुसता पांढरा रंग जुळला म्हणून टोफू चीजच्या जागी बसणार नाही. चीज तेथे करते काय? ते खारट असते, आंबट असते, स्निग्ध असते आणि बोटांनी कुस्करले की त्याचा चुरा होतो. बाजारच्या टोफूत ह्या चारांपैकी एकही गुण नव्हता; हे गुण त्यास आपण दिले पाहिजेत.

दुसऱ्या खेपेस पुतणीने सोयाबीनचे पनीर घरीच केले. भगिनींस उपयोग होईल म्हणून कृती सविस्तर देतो. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजत घालावे. सकाळी चोळून साले काढावी. दळताना थंड पाणी न घालता कढत पाणी घालावे. सोयाबीन थंड पाण्यात भरडले की त्यातील एका पाचक द्रव्याच्या क्रियेने कच्चा, उग्र वास उत्पन्न होतो. उष्णतेने ती क्रिया बंद पडते. एकंदर दोन लिटर पाणी लागते. हे मिश्रण मोठ्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटे चांगले उकळावे, आणि तेथून हलू नये. सोयाबीनचे दूध गायीच्या दुधाहून अधिक उतावळे. पुतणी फोनवर बोलावयास वळली मात्र, फेस भसाभस वर येऊन शेगडीवर पसरला. तेव्हा उंबऱ्यावरून "अगं, डाव घाल, डाव!" असे ओरडत आक्का उठल्या, आणि त्यांनी डाव हातात घेतला तो मग खाली ठेविला नाही.

दूध फडक्यातून गाळून पुन्हा तापवावे, खाली उतरवून त्यात तीन लिंबांचा रस वाटीभर पाण्यात मिसळून हळूहळू ओतावा. दूध फाटून पिवळसर पाणी वेगळे झाले की फडक्यात बांधून वर पाटा ठेवावा व तासभर दाबून सर्व पाणी काढावे. आमच्या घरी सुमारे साडेतीनशे ग्रॅम भरले. गाळून उरलेला चोथा फेकून देणे आक्कांच्या स्वभावात नाही. त्यांनी त्यात ज्वारीचे पीठ, तीळ, मिरची व कोथिंबीर घालून थालीपिठे लाविली. तीही चांगली झाली.

आता चव. उकळून निवविलेले दोन भांडी पाणी, त्यात चार लहान चमचे मीठ, दोन लिंबांचा रस, आणि ओरेगानोच्या ऐवजी आमच्या गॅलरीतल्या कुंडीतील पानओव्याची सहा-सात पाने चुरगाळून. ओरेगानो, ओवा व पानओवा ही तिन्ही झाडे दिसावयास निराळी, पण त्यांच्या वासाची द्रव्ये एकाच जातीची आहेत. म्हणूनच एकाचे काम दुसरा चालवितो. पनीराच्या जाड वड्या ह्या खाऱ्या पाण्यात बुडवून शीतकपाटात दोन दिवस ठेवाव्या. मग काढून, निथळून, हाताने ओबडधोबड कुस्कराव्या व चमचाभर तेल चोळावे. खारटपणा, आंबटपणा, स्निग्धता आणि चुरा, चारही गुण आले. चीजची हुबेहूब चव आली, असे आम्ही म्हणणार नाही; पण जागा रिकामी वाटली नाही.

तेलावरून थोडा वाद झाला. पुतणीने ऑलिव्हचे तेल आणले होते, आक्कांस घाण्याचे तिळाचे हवे होते. ग्रीकांच्या भाषेत तेलाचे नाव ऑलिव्हवरून पडले आणि तेच इंग्रजी 'ऑइल' शब्दात उतरले. आपले 'तैल' तिळावरून आले. प्रत्येकाने आपल्या दारच्या झाडालाच तेलाचा मान दिला आहे, तेव्हा ह्यात हट्ट कोणी करावा? अर्धे-अर्धे घातले, आणि ते शोभले.

ही कोशिंबीर ग्रीकांची म्हणावी तर तीही सर्वस्वी त्यांची नाही. टोमॅटो आणि ढोबळी मिरची ही अमेरिकेकडची झाडे. सोळाव्या शतकापूर्वी ती ना त्यांना माहीत होती, ना आपल्याला. आमच्या आजीच्या सोवळ्यात टोमॅटो चालत नसे; आज तो नाही असा दिवस जात नाही. काकडी मूळ आपल्या देशची, ती येथून पश्चिमेस गेली. सोयाबीन चीनकडचे. एका पातेल्यात चार दिशांचे पाहुणे, आणि प्रत्येकाचे कोठे ना कोठे सीमांतपूजन झालेले. आपल्या शेजारच्या माटुंग्यास कानडी मंडळी रामनवमीस भिजविलेल्या मुगाच्या डाळीची कोसंबरी करतात, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आपण कैरीची डाळ वाटतो. दुधाचा थेंबही नसलेले हे पदार्थ आपण पिढ्यान्‌पिढ्या आनंदाने खात आलो, फक्त त्यांस कोणी नवे नाव दिले नव्हते.

श्रावणातल्या पहिल्या रविवारी पूर्ण बेत झाला. अकरा माणसांस टोमॅटो तीन पाव, काकड्या चार, ढोबळ्या मिरच्या दोन, ऑलिव्ह पंचवीस-तीस. काकडी चोचवावयाची नाही, टोमॅटो बारीक चिरावयाचा नाही. फोडी मोठ्या ठेवावयाच्या, म्हणजे पाणी बेताचे सुटते. मीठ वाढण्यापूर्वी पाच मिनिटे, फोडणी नाही. चातुर्मास असल्यामुळे कांदा निराळ्या वाटीत, ज्याला हवा त्याने घ्यावा.

त्या दिवशी दुपारी आम्ही आक्कांस त्या अथेन्सच्या बाईंची गोष्ट सांगितली. त्यांच्यातही उपवास असतो, त्यात दूध-चीज चालत नाही, हे ऐकून आक्का पनीर कुस्करताना थांबल्या. "म्हणजे त्या बायकाही चातुर्मास पाळतात?"

"तसेच काहीसे."

"आणि आपली पोरगी बारा महिने पाळते, एवढेच ना?"

पुतणी तेथेच होती. ती म्हणाली, "आत्या, हे व्रत नाही हो. मला त्या रेडकाचे वाटते."

आक्का काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या कोकणातल्या घरी आई आधी वासराला सोडायची. ते पिऊन बाजूला झाले की मग धार. वासरू भुकेले राहिले तर दूध पचत नाही, असे म्हणायची." त्यांनी हात धुतले. "तुमच्या पिशवीतल्या दुधाला वासरू कोठे आहे ते मला काय ठाऊक?"

हे आम्हांसही कधी सुचले नव्हते. १९४९ साली गोरेगावची आरे वसाहत स्थापन झाली आणि शहरातील तबेले तिकडे हलू लागले. स्वच्छतेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु गोठा शीवेपलीकडे गेला, दूध तेवढे आत येत राहिले, आणि वासरू आपल्या डोळ्यांआड झाले. आक्कांनी दूध सोडलेले नाही, आम्हीही सोडलेले नाही. आमच्या घरी ताक पूर्वीप्रमाणेच घुसळले जाते. फक्त दुधाचा विषय निघाला की आता कोणी कोणाला हसत नाही.

रात्री पाट मांडले गेले, तेव्हा भिंतीशी उभा असलेला पाट आक्कांनी स्वतः उचलून आपल्या उजव्या हाताशी मांडला. पातेले एकाच्या हातून दुसऱ्याकडे गेले. कांद्याची वाटी आक्कांना ओलांडून पुढे गेली, तुपाची वाटी पुतणीला ओलांडून गेली. कोणी पानावर हात आडवा धरला नाही, कारण वाढणाऱ्यास सर्व ठाऊक होते. शेवटी ताटात जो रस उरला त्यात आक्कांनी पोळीचा तुकडा बुडविला. अथेन्सची ती खूण त्यांना कोणी दाखविली नव्हती.

एक सावधगिरीची सूचना शेवटी केली पाहिजे. जे दूध अजिबात सोडतात त्यांस 'ब-१२' हे जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नातून मिळत नाही. त्याची गोळी वैद्यकीय सल्ल्याने घ्यावी लागते. पुतणी घेते. न विसरता देण्याचे काम सौ.नी स्वतःकडे घेतले आहे.

बाटलीतल्या ऑलिव्ह महाग पडतात, ही आक्कांची तक्रार मात्र कायम आहे. त्यांनी कोकणातल्या भाच्यास आतापासूनच निरोप धाडला आहे की, येत्या चैत्रात हिरवी, कोवळी करवंदे पाठीव. ती खारात घालून पाहावयाची आहेत. साधली तर वाचकांस कळवूच.